कबड्डी-खो-खोच्या प्रशिक्षकाने मोठ्या प्रशिक्षकांकडून नेमकं काय उचलायचं?

निदानरेषा

नमस्कार मंडळी. मोठ्या प्रशिक्षकांची वचनं व्हॉट्सॲपवर रोज येऊन पडतात. त्यातलं मैदानावर काय उतरवायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

चित्र असं समजा. पेठेतलं मंडळ, मातीचं मैदान, संध्याकाळी साडेसहा ते आठ. किशोर गट, म्हणजे सोळा वर्षांपर्यंतची, ५५ किलोच्या आतली पंधरा-सोळा मुलं. प्रशिक्षक एकटा, आणि तोही परवापरवापर्यंत स्वतः खेळणारा. खेळ त्याच्या अंगात मुरलेला असतो, पण संघ कसा चालवायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग तो आपल्या वेळच्या प्रशिक्षकासारखा ओरडतो, नाहीतर मुलांचा दोस्त होऊन बसतो.

मोठ्या प्रशिक्षकांनी काय केलं, त्यातलं इथे काय चालतं आणि कुठे फसतं, एवढंच लिहा. स्फूर्ती नको, कृती हवी.

डावा_कोपरा

पहिलं नाव जॉन वुडन. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक. १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं, मध्यंतरी सलग ८८ सामन्यांत हार नाही. १९७४-७५ च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला वही घेऊन बसले आणि वुडन काय बोलतात ते टिपत गेले. बोलण्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निव्वळ माहितीचा निघाला: काय कर, कसं कर. कौतुक सात टक्क्यांच्या आसपास, नाराजीही जवळपास तेवढीच. भाषण असं काही नव्हतंच.

आता आपल्याकडचा कुठलाही सराव दहा मिनिटं ऐका. ‘जोर लाव’, ‘लक्ष कुठंय?’, ‘शाब्बास’, ‘अरे काय करतोस!’ या चारांपैकी एकाही वाक्यात मुलाला पुढच्या वेळी वेगळं काय करायचं ते कळत नाही.

वुडन यांची दुरुस्तीची रीत अशी होती: बरोबर करून दाखवायचं, मग मुलाने आत्ता जसं केलं तसं दाखवायचं, मग पुन्हा बरोबर. सगळं काही सेकंदांत, आणि खेळ लगेच सुरू.

घोटा पकडीवर लावून बघू. बरोबर काय? चढाईपटूचा पाय जमिनीवर टेकला, त्यावर वजन आलं, की कोपरारक्षकाने, म्हणजे कडेच्या बचावपटूने, आत जायचं. दोन्ही हात घोट्याच्या मागे, डोकं त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, छाती नडगीला लागलेली, आणि पाय स्वतःकडे ओढत कुशीवर पडायचं. बहुतेक मुलं चुकतात ती वेळेत. पाय स्पर्शासाठी हवेत असतानाच झेपावतात. पाय निसटतो आणि वर गुण जातो. दुसरी चूक डोक्याची. डोकं गुडघ्यासमोर आलं की नाक नाहीतर दात जायची भीती. तिसरी चूक कोपऱ्याची नाहीच, शेजारच्या मध्यरक्षकाची असते. तो लगेच अंगावर आला नाही, तर एकट्याच्या हातून पाय सुटतो.

‘पकड नीट कर’ यात यातलं काहीच येत नाही. ‘पाय टेकू दे, मग जा’ यात वेळेची चूक नेमकी येते. शब्द पाचच आहेत आणि ते धावतानाही ऐकू येतात. प्रत्येक कौशल्याला असं एकेक वाक्य ठरवून ठेवा आणि रोज तेच वापरा. आज एक वाक्य, उद्या दुसरं, असं केलंत तर मुलांच्या डोक्यात काही बसत नाही.

वेळापत्रक

वरच्या प्रतिसादाला जोडून. वुडन सरावाच्या आधी सहायकांबरोबर बसून त्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा आराखडा करत, तो लहान कार्डावर लिहून खिशात ठेवत आणि जुनी कार्डं जपत. मागच्या वर्षी याच आठवड्यात काय घेतलं होतं ते त्यांना पाहता येई.

९० मिनिटांचं कार्ड साधारण असं निघेल. पहिली १२ मिनिटं अंग मोकळं करणं, त्यातच पायांची हालचाल आणि दम. पुढची १८ मिनिटं एकच कौशल्य, जोड्यांमध्ये, अर्ध्या वेगाने सुरू करून पूर्ण वेगापर्यंत. मग २० मिनिटं तेच कौशल्य तीन बचावपटू विरुद्ध एक चढाईपटू. दोन मिनिटं पाणी. २५ मिनिटं खेळ, पण अट घालून. उरलेल्यात शेवटचा कस आणि अंग सैल करणं.

फसतं ते खेळाच्या भागात. मुलांना सामनाच हवा असतो, प्रशिक्षकालाही तो सोपा जातो, आणि नव्वदातली साठ मिनिटं सामन्यात जातात. सात विरुद्ध सात खेळात एका कोपरारक्षकाच्या वाट्याला पकडीचे प्रसंग किती येतात ते मोजून बघा. जोड्यांच्या सरावात त्याच वेळेत त्याच्या कितीतरी पट येतात.

आणि एक पुण्याची गोष्ट. जुलैपासून गणपतीपर्यंत मंडळातली निम्मी मुलं संध्याकाळी ढोल-ताशा पथकाच्या तालमीला असतात, वरून पावसाने मातीचा चिखल झालेला असतो. शाळांच्या स्पर्धाही त्याच सुमारास सुरू होतात. हे दरवर्षी होतं, मग दरवर्षी त्रागा कशाला? त्या दिवसांपुरता सराव सकाळी सहाला घ्या, किंवा पथकाची वेळ विचारून आठवड्यातले तीन दिवस पक्के करा. हॉल मिळाला तर चिखलाच्या दिवशी बचावाच्या जागा आणि साखळीची (हात धरून उभ्या बचावपटूंची) हालचाल चालत-चालत घेता येते.

मैदान_शिवाजीपार्क_ते_सपमहाविद्यालय

रमाकांत आचरेकर सरांचं रुपयाचं नाणं सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याची रचना नीट बघितली जात नाही. सत्राच्या शेवटी सचिन दमलेला असताना सर यष्टीवर नाणं ठेवत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याला नाणं. कुणीच नाही केलं तर सचिनला. तशी तेरा नाणी त्याच्याकडे जमली.

यात तीन गोष्टी एकदम साधतात. कस लागतो तो दमल्यावर, म्हणजे सामन्याच्या शेवटी लागतो तिथेच. गोलंदाजांनाही जीव तोडून टाकायला कारण मिळतं, त्यामुळे चांगल्या फलंदाजाचा सराव पोकळ होत नाही. आणि निकाल लगेच, सगळ्यांसमोर लागतो. सरांना एक शब्द बोलावा लागत नाही.

कबड्डीत हे थेट बसतं. शेवटच्या आठ मिनिटांत सर्वांत चांगल्या चढाईपटूला सलग ‘तिसऱ्या चढाया’ (दोन रिकाम्या चढायांनंतरच्या) द्या, म्हणजे गुण घेतला नाही तर बाद. समोर तीनच बचावपटू, म्हणजे पकड झाली तर अव्वल पकडीचे दोन गुण. दोन चढायांमध्ये फक्त तीस सेकंद. बक्षीस पैशाचं नको. जिंकणारी बाजू दुसऱ्या दिवशीच्या सरावाचा पहिला खेळ निवडेल, एवढं पुरतं.

सरांची दुसरी सवय म्हणजे सामन्यांचा मारा. एका मैदानावरचा सामना संपला की सचिनला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. आपल्याकडे वर्षात चार स्पर्धा खेळून मुलगा जिल्ह्याच्या निवड चाचणीला उभा राहतो आणि तिथे गांगरतो. शेजारच्या मंडळाबरोबर दर रविवारी दोन सामने, पंच म्हणून तिसऱ्या मंडळाचा माणूस, गुणलेखन पूर्ण. खर्च जवळजवळ शून्य.

शिट्टी

नाण्याबद्दल सहमत. पण आचरेकर सर कधी ‘छान खेळलास’ म्हणत नसत, हेही लोक उचलतात, ते उचलू नये असं माझं ठाम मत आहे. सर मुलासाठी काय करत होते हे मुलाला रोज दिसत होतं: स्कूटर, सामने, स्वतःचा वेळ. शब्दाची जागा त्यांच्या कृतीने भरली होती. ज्याचा मुलांशी संबंध फक्त संध्याकाळच्या दीड तासापुरता आहे, त्याचं मौन मुलांना नापसंतीसारखं वाटतं. कौतुक करा, थोडं करा, पण नेमकं करा. ‘आज तू पाय टेकेपर्यंत थांबलास’ हे कौतुकही आहे आणि माहितीही.

तालीमवाला

परदेशातलं घ्याच, पण वस्तादांची रीत विसरू नका. हरिश्चंद्र बिराजदार मामा, त्यांच्यानंतर काका पवार. या दोघांच्या हाताखाली राहुल आवारे घडला आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने कांस्यपदक आणलं.

तालमीत वस्तादाचं मोठं काम म्हणजे जोड लावणं. आज कोण कुणाशी लढणार, हे तो ठरवतो. रोज वरचढ गड्याशी जोड लावली तर पोरगं फक्त बचाव शिकतं आणि खचतं. रोज हलक्याशी लावली तर त्याला खोटा विश्वास येतो. म्हणून आठवड्यात दोन दिवस वरचढाशी, तीन दिवस बरोबरीच्याशी, एक दिवस हलक्याशी, आणि त्या एका दिवशी त्याने समोरच्याला एक डाव शिकवायचा. शिकवताना त्याचा स्वतःचा डाव पक्का होतो.

कबड्डीच्या सरावात जोड्या मुलं आपापल्या पाडतात, दोस्त दोस्ताबरोबर. तिथेच अर्धा सराव वाया जातो. जोड्या आदल्या रात्री लिहून आणा.

आणि वस्ताद हौद्याच्या कडेला बसून बघतो. पोरांना वाटतं तो नुसता बसलाय. त्याला कोण कुठल्या डावाला टाळतोय, कुणाची मान दुखतेय, कोण जेवून आलेला नाही, हे सगळं दिसत असतं.

निदानरेषा

हे बघण्याचं काम एकट्या प्रशिक्षकाला कसं जमवायचं? तोच शिट्टी मारतो, तोच गुण सांगतो, तोच भांडणं सोडवतो.

डावा_कोपरा

ॲलेक्स फर्ग्युसन यांचा बदल इथे कामाचा आहे. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबला २६ वर्षांत ३८ करंडक मिळवून देणारा हा माणूस त्याआधी स्कॉटलंडच्या ॲबर्डीन क्लबला असताना सराव स्वतः घेत असे. आर्ची नॉक्स या त्यांच्या सहायकाने त्यांना बाजूला उभं राहायला लावलं. पुढे त्यांनी रोजचा सराव सहायकांकडे दिला आणि स्वतः निरीक्षण केलं. बाजूला उभं राहिल्यावर त्यांना खेळाडूच्या सवयीतला अचानक बदल, उत्साहातली घट दिसू लागली.

आपल्याकडे सहायक नसतो, पण दुखापतीतला किंवा किशोरांच्या वरच्या कुमार गटातला एक मुलगा असतोच. त्याच्याकडे शिट्टी द्या, २५ मिनिटांपुरती. तुम्ही वही घ्या. रकाने तीनच: कोण, कुठे, काय झालं. ‘उजवा मध्यरक्षक, बोनस रेषेजवळ, साखळी सुटली.’ एका खेळात अशा बारा-पंधरा ओळी होतात. आठवड्याने तीच ओळ पाच वेळा दिसली की पुढच्या कार्डावर काय घ्यायचं ते आपोआप ठरतं. सगळं टिपायला जाऊ नका, मग बघणं राहून जातं. एका दिवशी फक्त बचाव, एका दिवशी फक्त चढाईपटूची परत येण्याची वाट.

खांबाजवळ

खो-खोकडून एक मुद्दा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४०, पुरुषांनी ५४-३६ असं हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर.

खो-खोत प्रशिक्षकाचा हात सामना सुरू होईपर्यंतच. संरक्षक तिघांच्या तुकडीने आत येतात. तुकडीत कोण कोण आणि कुठली तुकडी कधी, हे आधी ठरतं. इथली नेहमीची चूक म्हणजे तिन्ही उत्तम धावणारे पहिल्या तुकडीत घालणं. ते लवकर बाद झाले की मागे कुणी उरत नाही. प्रत्येक तुकडीत एक लांब दम असलेला, एक खांबाजवळ हुलकावणी देणारा आणि एक साखळीत, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळताना, पाय न चुकणारा, असं वाटप जास्त टिकतं.

एकदा पळती सुरू झाली की बाहेरून ओरडलेलं आत पोचत नाही, आणि पोचलं तर पळणारा क्षणभर थबकतो. त्या क्षणी तो बाद होतो. म्हणून निर्णय मुलांच्याच हातात द्यावे लागतात, आणि तो सरावाचा भाग आहे. एक पूर्ण डाव प्रशिक्षकाने तोंड मिटून बघायचा. मग तीन प्रश्न: आक्रमक कुठल्या बाजूने जास्त येत होता? तू साखळी कधी सोडलीस? का? उत्तर चुकलं तरी लगेच सुधारू नका, शेजारच्याला विचारा. पहिले काही दिवस मुलं गप्प बसतात, कारण सर सांगतील याची त्यांना सवय असते. तिथेच बहुतेक प्रशिक्षक धीर सोडतात.

शिट्टी

हेच कबड्डीच्या मध्यंतराला लागू. किशोर गटात १५ मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं. ती पाच मिनिटं प्रशिक्षकाच्या संतापात जातात.

पहिलं मिनिट फक्त पाणी आणि श्वास, कुणी बोलायचं नाही. तेवढ्यात प्रशिक्षक वही बघतो. दुसऱ्या मिनिटात कर्णधार आणि दोन्ही कोपरारक्षक बोलतात, समोरचा चढाईपटू कुठल्या बाजूने येतो, बोनसला कधी जातो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटात दोनच सूचना, एक चढाईला, एक बचावाला, आणि दोन्हींत नाव आणि जागा हवी. ‘रोहन, त्यांचा उजवा कोपरा पुढे येतोय, त्याच्या पायावर जा.’ पाचव्या मिनिटात एका मुलाने दोन्ही सूचना परत म्हणून दाखवायच्या. त्याने चुकीचं सांगितलं तर सूचना पोचलेलीच नाही, हे मैदानात कळण्याऐवजी तिथेच कळतं.

टाइम-आउट तर तीस सेकंदांचा, आणि खेळाडूंनी मैदान सोडायचं नसतं. त्यात एकच वाक्य मावतं. ते आधीच ठरलेल्या वाक्यांपैकी असावं.

बाकावरचा_पाचवा

इथे अजून निवडीचं कुणी बोललं नाही, आणि मुलं संघ सोडून जातात ती बहुतेक निवडीवरून. बारांच्या यादीत नाव आहे पण सात आत, पाच बाहेर. तेच पाच दरवेळी बाहेर.

राहुल द्रविड १९ वर्षांखालच्या आणि ‘अ’ संघाकडे असताना त्याने दोन गोष्टी केल्या. ‘अ’ संघाच्या दौऱ्यावर आलेला खेळाडू सामना न खेळता परत जाणार नाही, हे आधीच सांगितलं. आणि एका मुलाने १९ वर्षांखालचा विश्वचषक एकदाच खेळायचा असं धोरण आणलं, म्हणजे तयार खेळाडूला पुन्हा वापरून चषक मिळवण्याचा मोह संपला. २०१८ ला त्या वाटेने जाऊनही विश्वचषक आला. नंतर क्रिकेट मंडळाने (बीसीसीआय) त्याला ५० लाख आणि सहायकांना २० लाख जाहीर केले, तेव्हा त्याने हरकत घेतली, आणि सगळ्यांना सारखे २५ लाख झाले.

मंडळाच्या पातळीवर: साखळी सामन्यांत बाकावरच्या पाचांपैकी किमान दोघांना पहिल्या सातात घ्या, आणि कुठल्या सामन्यात ते आठवडाभर आधी सांगा. १२ गुणांनी पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत आत पाठवणं म्हणजे संधी नव्हे. मुलाला ते बरोबर कळतं.

वगळताना यादी फळ्यावर लावण्याआधी एकट्याला भेटा. तीन गोष्टी सांगा: काय कमी पडलं, ते कसं मोजलं, परत कधी बघणार. ‘पुढच्या वेळी बघू’ हे वाक्य टाळा. त्याला तारीख नसते.

आहार_आणि_वजन

वजनाबद्दल कळकळीने. ५५ किलोची मर्यादा, स्पर्धा दोन दिवसांवर, मुलगा ५७. मग पाणी बंद, जर्किन घालून उन्हात धावणं. ५७ मधले दोन किलो म्हणजे शरीराच्या साडेतीन टक्के, आणि ते बहुतेक पाणीच असतं. दोन टक्के पाणी कमी झालं तरी दम आणि लक्ष दोन्ही घसरतात. मुलगा वजनात बसतो आणि दुसऱ्या डावात पायात गोळे येऊन पडतो. उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकतं.

स्पर्धेच्या आठ आठवडे आधीपासून दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन घ्या. जास्त असेल तर आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवायचं नाही, तेही वडापाव, फरसाण, थंड पेयं कमी करून, जेवण तोडून नाही. पंधराव्या वर्षी मुलगा वाढतो, तो वाढणारच. त्याची चण ५८ ची असेल तर त्याला कुमार गटाच्या तयारीला लावा आणि पालकांना बोलावून तसं स्पष्ट सांगा. एका चषकासाठी वाढीचं पोरगं सुकवणारा प्रशिक्षक कितीही जिंको, तो प्रशिक्षक नव्हे.

चौथी_पाटी

बॅडमिंटन प्रशिक्षक गोपीचंद यांनी रिओ ऑलिंपिकच्या आधी तीन महिने सिंधूचा फोन काढून घेतला, तिने २०१६ ला रौप्य आणलं, म्हणून आता प्रत्येक क्लबात फोनबंदी. फरक बघा. ती एकवीस वर्षांची व्यावसायिक खेळाडू होती, ध्येय एक होतं, आणि बंदीला शेवटचा दिवस होता. पंधरा वर्षांच्या मुलाला बेमुदत बंदी घातली की तो लपवायला शिकतो. दीड तास सगळे फोन एका पेटीत, त्यात प्रशिक्षकाचाही. एवढं पाळलं जातं.

निदानरेषा

शेवटचा आणि सगळ्यांत अडचणीचा प्रश्न. संघातला सर्वांत चांगला चढाईपटू सरावाला दोन-दोन दिवस येत नाही. त्याला बसवलं तर सामना जातो, खेळवलं तर बाकीचे बघत असतात.

बाकावरचा_पाचवा

आधी कारण काढा, आणि त्याच्याकडून नव्हे, घरी जाऊन. पहाटे पेपर टाकणारा, संध्याकाळी दुकानावर बसणारा मुलगा आणि कट्ट्यावर बसणारा मुलगा, दोघांना एक नियम लावता येत नाही. पहिल्याची वेळ बदलून द्या, चार दिवस येणार असेल तर चार दिवसांचा करार करा आणि तो संघासमोर सांगा. लपवून दिलेली सवलत संघ फोडते.

डावा_कोपरा

आणि दुसऱ्यासाठी नियम हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच लिहून लावलेला हवा. न कळवता गैरहजर राहिला तर पुढच्या सामन्यात पहिल्या सातात नाही. बारांत असेल, बदली म्हणून येऊ शकेल, पण सुरुवात नाही. शिक्षा लहान आहे म्हणूनच ती प्रत्येक वेळी अमलात आणता येते. ‘संघातून काढून टाकीन’ अशी मोठी धमकी पहिल्याच प्रसंगी मागे घ्यावी लागते, आणि मग पुढच्या कुठल्याच शब्दाला वजन राहत नाही.

क्रिकेट प्रशिक्षक चंद्रकांत पंडित शिस्तीला कडक म्हणून ओळखले जातात. विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक, मग २०२१-२२ ला मध्य प्रदेशला. दोन्ही संघांनी त्याआधी रणजी कधीच जिंकली नव्हती. शिस्त सगळ्यांना सारखी असेल तर संघ ती सोसतो.

नियम पहिल्यांदा लावायचा तो साखळीतल्या सोप्या सामन्यात. उपांत्य सामन्याची वाट बघत बसू नका. तोवर तीन वेळा डोळेझाक झालेली असते. आणि बसवलेल्या दिवशी त्याच्या हातात ती तीन रकान्यांची वही द्या, समोरच्या कोपरारक्षकांवर नजर ठेवायला सांगा. बदली म्हणून आत जाताना त्याच्याकडे काहीतरी कामाचं असेल.

निदानरेषा

वही, जोड्यांची यादी आणि पहिल्या आठवड्याचं कार्ड रविवारी करतो. नियमाचा कागद मुलांसमोर बसूनच लिहावा असं वाटतंय. कुणाकडे किशोर गटासाठी ठरवलेली सूचनावाक्यं असतील तर इथे टाका, चढाईची विशेषतः.

डावा_कोपरा

चढाईची चार घ्या: ‘मागचा पाय मोकळा ठेव’, ‘हात दाखव, पायाने घे’, ‘कोपऱ्याकडे पाठ नको’, ‘पकडलं की मध्यरेषेकडे पड’. शेवटचं आधी शिकवा. मुलं पकड बसली की जागेवर झगडतात. अंग लांब टाकून मध्यरेषेला हात पोचवला तर गेलेली चढाई गुण देऊन जाते.